दुकान, गाळा, गोदाम घेताय? विसार देण्याआधी कागद वकिलाला दाखवा (नाशिककरांसाठी धागा)

गोदाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी नाशिकला वकिली करते. कोर्टात उभं राहण्याचं काम कमी, बहुतेक काम व्यावसायिक जागांचं: दुकानं, ऑफिसं, सातपूर-अंबडचे प्लॉट, हायवेलगतची गोदामं. या विषयावर इथे सुटे सुटे प्रश्न येत असतात, म्हणून एकच धागा काढते.

घर घेणारा माणूस हल्ली सावध झालाय. महारेराचा नंबर बघतो, बिल्डरच्या आधीच्या स्कीममध्ये जाऊन लोकांना विचारतो. तोच माणूस दुकान घ्यायला निघाला की 'जागा हातची जाईल' या धास्तीने विसार देऊन मोकळा होतो आणि मग साठेखत 'जरा नजरेखालून घाला' म्हणून आमच्याकडे आणतो. तोपर्यंत त्याची घासाघीस करायची ताकद गेलेली असते. विसार पावतीवर रक्कम, पत्ता आणि 'व्यवहार तीन महिन्यांत पूर्ण करणेचा आहे' एवढंच असतं. टायटलमध्ये दोष निघाला तर पैसे परत मिळणार का, कधी मिळणार, याबद्दल चकार शब्द नसतो. माझं कळकळीचं सांगणं एकच आहे: वकिलाचं खरं काम विसाराच्या आधी असतं. मसुदा लिहिणं हा त्यातला शेवटचा आणि त्यामानाने सोपा भाग.

आधी मालकी. सातबारा किंवा गावठाणातल्या जागेचं प्रॉपर्टी कार्ड आजचं नाव सांगतं. ते नाव तिथे कसं आलं हे फेरफार सांगतो, आणि आमचा वेळ जातो तो फेरफार वाचण्यात. वारंवार दिसणारा एक प्रकार सांगते. एका फेरफारात लिहिलेलं असतं: खातेदार मयत, वारस पत्नी, दोन मुलगे, तीन मुली. पुढच्याच फेरफारात मुलींची नावं कमी झालेली, कारण 'हक्क सोडल्याचा जबाब दिला'. जबाब कुणापुढे? तलाठ्यापुढे, साध्या कागदावर. नोंदणीकृत हक्कसोडपत्र नाहीच. महसूल दफ्तरी नाव कमी झालं म्हणून त्या बहिणींचा हिस्सा गेला असं होत नाही. त्या जमिनीवर पुढे कॉम्प्लेक्स उभं राहतं, त्यातलं तळमजल्याचं दुकान तुम्ही घेता, आणि एक दिवस त्यातली एक बहीण किंवा तिची मुलं वाटपाचा दावा लावतात. तुम्ही त्यात प्रतिवादी. अशी नोंद दिसली की मी तिथेच थांबते आणि सगळ्या बहिणींची संमती नोंदणीकृत दस्ताने घ्यायला सांगते. व्यवहार व्हायचा असतो तोवर मालकालाही ती आणण्याची गरज असते. पैसे हातात पडल्यावर त्याला ती उरत नाही.

मग सब-रजिस्ट्रार ऑफिसातल्या सूची क्रमांक दोनचा (नोंदवलेल्या दस्तांच्या गोषवाऱ्याचा) शोध, साधारण ३० वर्षांचा. ऑनलाइन शोध सोयीचा आहे, पण जुने दस्त त्यात सापडत नाहीत. त्यासाठी ऑफिसात बसून खंड चाळावे लागतात. काही पानं फाटलेली असतात. ज्या वर्षाची पानं मिळाली नाहीत ते वर्ष अहवालात लिहिलेलं हवं. मालकाने मूळ कागद बँकेत ठेवून कर्ज काढलं असेल तर वेगळं गहाणखत नसतं, पण २०१३ पासून त्याची नोटीस ऑफ इंटिमेशन (कागद तारण ठेवल्याची सूचना) नोंदवावी लागते, तीही शोधायची. सेरसाईवर (बँकांच्या तारणांच्या केंद्रीय नोंदवहीत) तारण बघायचं, मालक कंपनी असेल तर कंपनी निबंधकाकडचे चार्ज, म्हणजे बोजे बघायचे, ई-कोर्ट्सवर मालकाच्या नावाचे दावे बघायचे, आणि स्थानिक पेपरात जाहीर नोटीस द्यायची.

एवढं तर घरालाही करतात. दुकानाची खरी मेख आहे वापर. मंजूर नकाशाची प्रत आणि टेप घेऊन मी जागेवर जाते. नकाशात दुकान १० फूट बाय २० फूट, आणि वर पोटमाळा दाखवलेलाच नाही. विकणारा मात्र पोटमाळ्याचं क्षेत्र धरून भाव सांगतोय. दुकानापुढे पत्र्याची शेड आहे, ती इमारतीच्या सामासिक अंतरात, म्हणजे भोवती मोकळ्या सोडायच्या जागेत. मागच्या बाजूला जिथे माल ठेवलाय तिथे नकाशात 'पार्किंग' लिहिलंय. एखादं अख्खं दुकानच नकाशात पार्किंग असतं, शटर लावून विकलेलं. इमारतीखालचं स्टिल्ट पार्किंग बिल्डरला सुटं विकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलंय. तुमच्याकडे नोंदणीकृत खरेदीखत असलं तरी महापालिकेची नोटीस आली की शटर खाली. बांधकाम पूर्णत्वाचा दाखला आहे का तेही बघायचं. काही वर्षांपूर्वी कपाटांचं क्षेत्र बांधकामात मोजायचं की नाही यावरून शहरातल्या कितीतरी इमारतींचे दाखले अडकले होते, हे नाशिककरांना आठवत असेल.

विचारा काय विचारायचं ते. जमेल तसं उत्तर देईन.

कॅनडाकॉर्नर

मी एजंट आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. ताई म्हणतात ते शंभर टक्के बरोबर, पण बाजार तसा चालत नाही. कॉलेज रोडला कोपऱ्याचं दुकान दोन दिवस थांबत नाही. विसाराशिवाय मालक झेरॉक्ससुद्धा देत नाही, कारण कागद घेऊन दहा जण फिरतात आणि एक जण घेतो. 'आधी शोध, मग विसार' म्हटलं तर चांगली जागा कुणालाच मिळणार नाही.

गोदाकाठ

दादा, मालकाची अडचण खरी आहे. म्हणून मी विसार देऊच नका म्हणत नाही. रक्कम लहान ठेवा, चेकने किंवा बँकेतून द्या, आणि पावतीवर हे एक वाक्य येऊ द्या:

'सदर रक्कम ही मिळकतीचे मालकी हक्क निर्वेध व विक्रीयोग्य असल्याबाबत आणि मिळकतीचा मंजूर वापर दुकान असल्याबाबत घेणार यांच्या वकिलांचे समाधान होण्याच्या अटीवर दिली असून, तसे न झाल्यास मिळकत देणार (विक्रेते) ही रक्कम लेखी मागणीपासून १५ दिवसांत परत करतील.'

मालकाच्या कागदात खोट नसेल तर त्याला या वाक्याने काहीच फरक पडत नाही. तो या वाक्यावर सही करायला तयार नसेल, तर मला त्यातूनच पुष्कळ कळतं. आणि शोधासाठी सगळी फाइल लागत नाही. गट नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर आणि मालकाच्या खरेदीखताचा दस्त क्रमांक मिळाला तरी काम सुरू करता येतं.

कॅनडाकॉर्नर

हे वाक्य मी माझ्या पावती पुस्तकात छापून घेतो. एजंटलाही व्यवहार मोडलेला परवडत नाहीच. पैसे अडकले की दोन्ही पार्ट्या आमच्या दारात येतात.

बेकरीवाली

ताई, तुमच्याकडूनच सल्ला हवा होता. गंगापूर रोडला बेकरी आणि बसून खाण्यासाठी चार टेबलं, असं सुरू करायचंय. भाडं महिना ५०,००० आणि डिपॉझिट ३ लाख ठरलंय. मालक म्हणतात ११ महिन्यांचा नोटरी करार करू, दरवर्षी नवा करू, उगाच रजिस्ट्रेशनचा खर्च नको. ओव्हन, फर्निचर, वायरिंग मिळून माझा बराच पैसा जागेत जाणार आहे. ११ महिन्यांनी उठा म्हणाले तर?

गोदाकाठ

ताई, ओव्हनची ऑर्डर द्यायच्या आधी विचारलंत ते फार बरं केलंत.

'११ महिन्यांचा असला की नोंदणी लागत नाही' हा समज आपल्याकडे घट्ट बसलाय. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार असो की लिव्ह अँड लायसन्स (जागा वापरायची नुसती परवानगी), तो लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर कोणत्या अटींवर जागा दिली होती याबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरायचं, ते खोटं ठरेपर्यंत, असं तेच कलम म्हणतं. शिवाय मालकाला ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. तेव्हा नोटरीचा आग्रह मालकाच्याच अंगाशी येणारा आहे, हे त्यांना शांतपणे सांगा.

खर्चाचा बाऊ किती, तेही बघू. ५ वर्षांचं, म्हणजे ६० महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स धरा. एकूण भाडं ३० लाख. ३ लाख डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरतात, म्हणजे ५ वर्षांचे दीड लाख. बेरीज साडेएकतीस लाख, त्यावर पाव टक्का मुद्रांक: ७,८७५ रुपये. नोंदणी फी १,००० रुपये. महिन्याच्या भाड्याच्या पाचव्या हिश्श्यापेक्षाही कमी. दरवर्षी भाडेवाढ असेल तर आकडा थोडा वाढेल, इतकंच.

आता अटी. लॉक-इन (ठरलेल्या मुदतीआधी करार न मोडण्याचं बंधन) दोघांना सारखं असतं हा गैरसमज काढून टाका. तुम्हाला हवंय ते मालकावरचं लॉक-इन: पहिली तीन वर्षं, भाडं वेळेवर भरत असताना, मालक उठवू शकणार नाहीत. तुमच्यावरचं लॉक-इन शक्य तितकं कमी ठेवा, सहा महिने किंवा वर्ष, कारण धंदा बसला नाही तर बाहेर पडायला वाट हवी. फर्निचर लावेपर्यंतचा महिना-दीड महिना बिनभाड्याचा मागा. गंगापूर रोडवर तो देतात. उठताना तुम्ही काय काय काढून नेऊ शकता त्याची यादी कराराला जोडा, ओव्हन आणि एक्झॉस्टचा डक्ट नाव घेऊन लिहा. विजेचा मंजूर भार ओव्हनला पुरतो का आणि वाढवून घ्यायचा तर अर्ज व खर्च कुणाचा, हे आत्ताच ठरवा. तुमच्या कामात मला सगळ्यात जास्त काळजी डक्टची वाटते: धूर वरच्या मजल्यावरच्या घरांच्या खिडक्यांशी जाणार असेल तर अपार्टमेंटची हरकत येणारच. डीड ऑफ डिक्लरेशनमध्ये (इमारतीचे नियम ठरवणाऱ्या दस्तात) खाद्यपदार्थांच्या धंद्याला मनाई आहे का ते वाचून घ्या. नाशिकमध्ये सोसायटीपेक्षा अपार्टमेंट डिक्लरेशन केलेल्या इमारती फार, आणि ते कागद भाड्याने घेणारा कधीच मागत नाही.

आगीचंही बघा. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्याने मालक आणि वापरणारा दोघेही जबाबदार धरले जातात, आणि यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं फॉर्म बी प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. ते कोण काढणार हे करारात लिहा.

मेनरोडवाले_काका

बाई, तुम्ही भाडेकरूच्या बाजूने छान सांगितलंत, आता मालकाचंही ऐका. आमचा जुना वाडा आहे, खाली दुकानं. आजोबांच्या वेळचे पागडीचे भाडेकरू अजून आहेत, भाडं इतकं की घरपट्टीसुद्धा निघत नाही. त्यातलं एक दुकान मोकळं झालंय. एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला मोबाइलच्या शोरूमसाठी हवंय, ९ वर्षांची लीज मागतायत. वडील सांगून गेले की एकदा आत घेतलेला भाडेकरू निघत नाही. मी काय करावं?

गोदाकाठ

काका, तुमच्या वडिलांची भीती खरी होती, आणि कायद्यातच तिच्यावर एक उत्तर आहे. भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ३(१)(ब): बँका, सार्वजनिक उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि ज्यांचं भरणा झालेलं भागभांडवल १ कोटी किंवा जास्त आहे अशा प्रायव्हेट व पब्लिक लिमिटेड कंपन्या यांना या कायद्याचं संरक्षण नाही. नुसतं 'प्रायव्हेट लिमिटेड' असून भागत नाही. लाखभर भांडवलाची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी तुमच्या पागडीवाल्यांइतकीच संरक्षित भाडेकरू होऊ शकते. कंपनी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर भरणा भांडवल दिसतं, अधिकृत भांडवल वेगळं असतं, त्याच्याशी गल्लत करू नका. १ कोटीपेक्षा कमी असेल तर लीज देऊ नका, लिव्ह अँड लायसन्स द्या.

मात्र एक गोष्ट मालकांना कुणी सांगत नाही. लायसन्सची मुदत संपल्यावर झटपट ताबा मिळवून देणारं कलम २४ फक्त राहण्यासाठी दिलेल्या जागेला आहे. दुकानाला ते लागत नाही. दुकानदार उठला नाही तर दिवाणी दावाच करावा लागतो. म्हणून मुदत संपल्यानंतरच्या दर दिवसाची नुकसानभरपाई करारात रकमेसह लिहायची, आणि ती डिपॉझिटमधून वळती करण्याचा हक्क ठेवायचा.

९ वर्षांच्या लीजचा मुद्रांकही मोठा आहे. ५ वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याला मिळकतीच्या बाजारमूल्याच्या १० टक्क्यांवर, ५ ते १० वर्षांना २५ टक्क्यांवर, खरेदीखताच्या दराने मुद्रांक बसतो. दुकानाचं मूल्य १ कोटी धरलं तर मुद्रांक २५ लाखांवर मोजायचा. ५ वर्षांची लीज आणि पुढे ४ वर्षं वाढवण्याची अट घातली तरी एकूण ९ वर्षंच धरली जातात, तेव्हा ती पळवाट नाही. हा खर्च कंपनीने करायचा, हे बोलणीतच सांगून टाका.

वाडा गावठाणात आहे म्हणून आणखी एक. तो पूररेषेत येतो का? २००८ च्या पुरानंतर निळी (नदीजवळची) आणि लाल (तिच्याबाहेरची) रेषा आखली गेली. निळ्या रेषेच्या आत नवं बांधकाम करता येत नाही. सराफ बाजार, दहीपूल या भागातल्या मालकांनी वाडा पाडून नवं काही करण्याचा विचार असेल तर लांब मुदतीची लीज देण्याआधी हे तपासायलाच हवं. पुनर्विकासात जागा रिकामी करून देण्याची अट लीजमध्ये नसेल तर पाच-सहा वर्षं हात बांधले जातील.

मेनरोडवाले_काका

भरणा भांडवल १० लाख निघालं. मुलाला संकेतस्थळावर बघायला लावलं. लीज नाही, लायसन्सचंच बोलतो आता. आभारी आहे बाई. पूररेषेचा नकाशा नगररचना विभागातून घेतो.

आकडेमोड

मी सीए आहे, दोन-तीन गोष्टींची भर घालतो. दुकानाच्या भाड्यावर १८ टक्के जीएसटी. काकांची वर्षाची सेवांची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर त्यांना नोंदणी लागत नाही, पण भाडेकरूची नोंदणी असेल तर १० ऑक्टोबर २०२४ पासून भाडेकरूने उलट आकारणीने (रिव्हर्स चार्ज), म्हणजे मालकाऐवजी स्वतःच कर भरायचा. कंपोझिशनमधल्या (उलाढालीवर ठरावीक दराने कर भरणाऱ्या छोट्या) व्यापाऱ्यांना जानेवारी २०२५ मध्ये यातून वगळलं. भाडं 'करासह' की 'कर वेगळा' हे करारात नसेल तर पहिल्याच महिन्यात भांडण. टीडीएसची मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून महिना ५०,००० झाली आहे, त्यावर भाडं गेलं तर १० टक्के कपात.

अजून एक: पत्नीच्या नावाने घेतलं की मुद्रांकात १ टक्का सूट, हे घरासाठी आहे. दुकानाला ती सूट नाही. त्या भरवशावर लोक दुकान पत्नीच्या नावाने घेतात आणि नोंदणीच्या दिवशी पैसे कमी पडतात.

सातपूरकर

माझा प्रश्न वेगळा आहे. अंबडला एमआयडीसीतला प्लॉट आणि शेड विकत घेतोय. बँकेच्या वकिलाने रिपोर्ट दिलाय, कर्ज मंजूर आहे. बँक एवढा पैसा देते म्हणजे टायटल क्लिअर असणारच ना? मग दुसरा वकील कशाला करायचा?

गोदाकाठ

बँकेच्या वकिलाचा अहवाल बँकेसाठी असतो. त्याचा प्रश्न एकच: कर्ज बुडालं तर ही मिळकत विकून बँकेचे पैसे निघतील का? तुमचे प्रश्न त्याला कुणी विचारलेलेच नसतात. तुमचं मशीन या शेडमध्ये चालवायला परवानगी मिळेल का, मागच्या मालकाची देणी तुमच्या डोक्यावर येतील का, पुढे तुम्हाला विकायचं झालं तर काय, यावर तो अहवाल गप्प असतो. आणि अहवाल चुकला तर त्यावर भिस्त ठेवण्याचा हक्क बँकेचा, तुमचा नव्हे.

एमआयडीसीत तुम्ही मालकी घेत नाही. जमीन महामंडळाची, तिचा भाडेपट्टा ९५ वर्षांचा, आणि त्यातली उरलेली वर्षं तुम्ही घेताय. किती उरली हे आधी मोजा. तुमच्या नावावर होतं ते खरेदीखत नाही, भाडेपट्ट्याचं हस्तांतरण, आणि त्याला महामंडळाची आधी परवानगी लागते. ती देताना महामंडळ डिफरन्शियल प्रीमियम (हस्तांतरणाचं शुल्क) घेतं. ते कोण भरणार यावरून ठरलेले सौदे मोडताना मी पाहिलेत, म्हणून ते विसार पावतीवरच लिहा. आधीच्या माणसाला नुसता 'ॲग्रीमेंट टू लीज' (पुढे लीज करून देण्याचा करार) मिळालाय की बांधकाम पूर्ण करून अंतिम लीज झाली आहे, हेही बघा. बांधकामाची मुदत उलटून गेलेली असेल तर प्लॉट परत घेण्याचा हक्क महामंडळाकडे असतो, आणि मुदतवाढीचा खर्च येतो. शेडचा काही भाग दुसऱ्याला परस्पर भाड्याने दिलेला असेल तर पोटभाड्याची परवानगी होती का ते विचारा.

मग थकबाकी. पाणी, सेवा शुल्क आणि वीज. आधीच्या ग्राहकाची वीज थकबाकी त्या जागेच्या नव्या मालकाकडे मागण्याचे नियम वीज कंपन्या करू शकतात, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटलंय. कारखाना चालू स्थितीत घेत असाल तर कामगारांच्या पीएफची थकबाकीही घेणाऱ्याकडे येऊ शकते. प्रदूषण मंडळाची संमती मागच्या उद्योगाच्या नावाची आणि प्रकाराची असते, तुमची वेगळी काढावी लागेल. शेवटच्या हप्त्यातली ठरावीक रक्कम ही सगळी 'नाहरकत' हातात येईपर्यंत रोखून धरायची. कुणाकडे ठेवायची, किती दिवस ठेवायची, हे लिहिण्यातच आमच्या मसुद्याची कसोटी लागते.

आकडेमोड

सातपूरकर, अशा हस्तांतरणावर १८ टक्के जीएसटी लागतो म्हणून विभाग नोटिसा काढत होता. गुजरात उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या औद्योगिक महामंडळाच्या प्लॉटबाबत लागत नाही असा निकाल दिला. तरीही करारात एक कलम ठेवा: पुढे कर मागितला गेला तर तो कुणी भरायचा.

सातपूरकर

लीजची उरलेली वर्षं मोजायचं डोक्यातच आलं नव्हतं. परवाना ट्रान्सफर होईल असं विकणारा म्हणाला, मी धरून चाललो. शेड 'नाईस'मध्ये असती तर हेच सगळं का?

गोदाकाठ

सहकारी औद्योगिक वसाहतीत, मग ती सातपूरची 'नाईस' असो की सिन्नरची मुसळगाव वसाहत, वसाहतीची संस्था हा आणखी एक पक्ष येतो. तिचं सभासदत्व, तिची नाहरकत, तिचं हस्तांतरण शुल्क आणि तिच्या पोटनियमांतल्या अटी. तिथे मी सुरुवातच संस्थेच्या दफ्तरापासून करते.

दिंडोरीकर

मी द्राक्षबागायतदार. मुंबई-आग्रा महामार्गाला लागून दोन एकर मिळतेय, भागीदारीत गोदाम बांधून भाड्याने द्यायचा विचार आहे. भागीदार नाशिकमधला व्यापारी, त्याच्या नावावर शेती नाही. एजंट म्हणतो, जमीन तुमच्या नावावर घ्या आणि भागीदाराला कुलमुखत्यारपत्र द्या, मग एनए (बिगरशेती) झालं की बघू.

गोदाकाठ

दादा, थांबा. कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही, आणि कुलमुखत्यारपत्राने मालकी जात नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केलंय. उद्या तुमचं त्याचं बिनसलं तर त्याने दिलेल्या पैशांना आधार काय, आणि तुम्हाला काही झालं तर तुमच्या वारसांपुढे तो उभा कसा राहणार? हे दोघांच्याही दृष्टीने वाईट आहे. खऱ्या औद्योगिक वापरासाठी कलम ६३-१अ ची वाट आहे, पण त्यात गोदाम कारखान्याला जोडून असलेलं धरलंय. भाड्याने द्यायच्या नुसत्या गोदामाला ती मिळेल असं गृहीत धरू नका. सरळ मार्ग म्हणजे मूळ मालकाने आधी बिगरशेती करून द्यायची आणि मग भागीदारी संस्थेच्या नावे घ्यायची. विसार द्या, पण तो एनए होण्याच्या अटीवर.

त्याआधी सातबारा समोर घेऊन बसा. भोगवटादार वर्ग १ की वर्ग २ (विकायला सरकारी परवानगी लागणारी)? इतर हक्कात 'कुळकायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र' असा शेरा आहे का? असेल तर २०१४ च्या दुरुस्तीनंतर, दहा वर्षं उलटलेली असल्यास, आकाराच्या (शेतसाऱ्याच्या) ४० पट रक्कम भरून पूर्वपरवानगीशिवाय विकता येतं. पण त्यातही घेणारा शेतकरीच हवा, आणि बिगरशेतीसाठी वेगळा नजराणा (सरकारला भरायची रक्कम) लागेल. गावच्या शेती सोसायटीच्या कर्जाचा बोजा आहे का? कर्ज फिटलेलं असतं, बोजा तसाच राहिलेला असतो. दाखला आणून तो कमी करून घ्यायचा. देवस्थान इनाम असेल तर त्या जमिनीच्या वाटेला जाऊ नका.

तुमच्या तालुक्यात सगळ्यात कसून बघायचं ते हे: मागच्या कोणत्याही टप्प्यावर मालक आदिवासी खातेदार होता का? महसूल संहितेच्या कलम ३६अ प्रमाणे आदिवासींची जमीन बिगर आदिवासीकडे जायला जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. ती नसेल तर मधे चार खरेदीखतं झाली तरी मूळ दोष जात नाही आणि जमीन परत जाऊ शकते. दिंडोरी, पेठ, सुरगाणा, कळवण, त्र्यंबकेश्वर या पट्ट्यात मी जुने हस्तलिखित फेरफारही पाहिल्याशिवाय मत देत नाही. ही बंधनं ज्यांच्यासाठी आहेत त्यांची जमीन फार स्वस्तात गेलेली आहे, तेव्हा कायदा इथे कडक आहे हे योग्यच आहे.

आणि महामार्गाला लागून म्हणजे महामार्गावरून रस्ता मिळेलच असं नाही. प्रवेशाची परवानगी महामार्ग प्राधिकरणाकडून वेगळी लागते. मध्यरेषेपासून किती अंतर सोडायचं तेही आधी मोजून घ्या. दोन एकरातून ते अंतर वजा केल्यावर ४० फुटी ट्रेलर वळायला जागा उरते का, हे बांधकामाच्या माणसाला विचारा.

दिंडोरीकर

फेरफार काढायला टाकतो. एक जुना फेरफार मोडीत आहे म्हणे.

गोदाकाठ

मोडी वाचणारे नाशिकमध्ये आहेत. लिप्यंतर करून घ्या आणि मूळ प्रत सोबत ठेवा.

बेकरीवाली

शेवटचा प्रश्न, फीचा. वकिलाला काय विचारावं, म्हणजे दोन्हीकडून गैरसमज होणार नाही?

गोदाकाठ

फी ठरवताना काम लेखी ठरवून घ्या. शोध किती वर्षांचा, फक्त ऑनलाइन की ऑफिसात बसून. जागेवर जाऊन नकाशा पडताळणार की नाही. जाहीर नोटिशीचा खर्च फीत धरलाय का. मसुद्याच्या किती फेऱ्या. नोंदणीला सोबत येणार का. शोध आणि मसुदा यांची फी वेगळी मागा, म्हणजे शोधात दोष निघून व्यवहार सोडला तर मसुद्याचे पैसे जाणार नाहीत. व्यवहार झाला तरच फी, असं सांगणाऱ्याकडे जाऊ नका. 'हा सौदा करू नका' हे सांगण्यात त्याचं नुकसान असता कामा नये. अहवाल आल्यावर आधी शेवटची पानं वाचा. 'अमुक कागद पाहण्यास मिळाला नाही', 'अमुक गृहीत धरून' अशी वाक्यं तिथे असतात. त्यातलं प्रत्येक वाक्य घेऊन वकिलाकडे बसा आणि विचारा, हे मिळवायला काय लागेल. तुमच्या मालकांकडून मंजूर नकाशा आणि डिक्लरेशन मिळालं की मला कळवा, डक्टचं तेवढं एकदा जागेवर येऊन बघू.